दात्याची संख्या

९ फेब्रुवारी

भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

आपली भेट कधी झाली नाही, म्हणून आधी ओळख सांगते. तुम्ही ज्यांना ‘दात्या’ म्हणता त्यांची मी बायको. तुम्ही त्यांचे ‘काच्या’, तुमचं चष्म्यांचं दुकान आहे, एवढं मला माहीत आहे. एकाने लोकांना कवळ्या करून द्यायच्या, दुसऱ्याने चष्मे, आणि उरलेल्या वेळात दोघांनी आकड्यांच्या मागे धावायचं, असं हे हसून सांगायचे. तुमचा पत्ता एका जुन्या पार्सलच्या कागदावर मिळाला.

बातमी वाईट आहे. गेल्या महिन्यात हे गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. ज्या वॉर्डात मी तीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्याच वॉर्डात, माझ्या समोर. तुम्हाला फोन करायला हवा होता, पण मला ऐकू फार कमी येतं. कानात यंत्र घातलं तरी फोनवरचा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून पत्र.

आता कामाचं. जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, “मशीन बंद करू नकोस.” मला वाटलं ऑक्सिजनबद्दल बोलतायत. म्हटलं, “अहो, ते कोण बंद करतंय? गप पडा.” हात हलवून नाही नाही म्हणाले, पण मी मास्क परत लावून टाकला. घरी आल्यावर मागच्या खोलीत गेले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटर चालू होता. एवढे दिवस घरात कुणी नव्हतं आणि तो एकटा चालूच होता.

ती ह्यांची कामाची खोली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेत, आत गेलं की सगळे माझ्याकडे बघून दात विचकतात. त्यात तो कॉम्प्युटर. मला त्याचा आवाज येत नाही, पण वर हात ठेवला की कोमट लागतो. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

तो नक्की काय करतोय? पडद्यावर नुसते आकडे आणि शेवटी ‘३४ टक्के’. कशाचे चौतीस टक्के? अजून किती दिवस चालेल? काही उपयोगाचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मी बंद करीन. मला गोड बोललेलं नको असतं.

तुमची,
वहिनी

१७ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाइकाला सांगितलं, उद्या या.

महिनाभर दात्याचं उत्तर नाही म्हणून मी त्याला शिव्या घालत होतो. ‘कवळी घशात अडकली काय रे?’ असा निरोपही पाठवला होता. तो तुम्ही वाचला नसेल अशी आशा करतो. माझ्या जिभेला हाड नाही, त्याला ते माहीत होतं.

तुम्ही विचारलंत ते सांगतो. कंटाळा आला तर पान उलटा.

दोन घ्या. दोनाला दोनाने गुणा, पुन्हा दोनाने, पुन्हा दोनाने. शेवटी जे येईल त्यातून एक वजा करा. तीन वेळा दोन घेतले तर आठ, वजा एक, सात. सात ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. पाच वेळा घेतले तर एकतीस. तीही मूळ. पण दर वेळी असं होत नाही, आणि आकडा मोठा होत जातो तशा मूळ निघणाऱ्या संख्या इतक्या विरळ होतात की वाळवंटात सुई शोधावी. त्या शोधायला जगभरची हौशी माणसं आपापले कॉम्प्युटर कामाला लावतात. एकेकाला एकेक संख्या नेमून देतात. त्यातलेच आम्ही दोघे. बक्षीस नाही, पगार नाही. सापडली तर यादीत नाव लागतं, बस.

दात्याला मिळालेल्या संख्येत दोन कोटींच्या वर आकडे आहेत. पुस्तकात छापली तर कपाट भरेल. तिला एकेका संख्येने भागत बसलं तर सूर्य विझेल. म्हणून एक युक्ती आहे. चारपासून सुरुवात करायची. त्याचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा वजा दोन, पुन्हा बाकी. जितके दोन गुणले होते त्याहून दोन कमी वेळा हे करायचं. अगदी शेवटी बाकी शून्य उरली तर संख्या मूळ. दुसरं काहीही उरलं तर नाही. मधे काही कळत नाही, नव्याण्णव टक्क्यांनाही कळत नाही. चौतीस टक्के म्हणजे एवढं अंतर तोडून झालं. दात्याचं मशीन म्हातारं आहे, आणखी चार-पाच महिने घेईल.

उपयोग विचाराल तर कुणाचं पोट भरत नाही की कुणाचा ताप उतरत नाही. पण ह्या घडीला ही संख्या जगात फक्त त्याच खोलीत तपासली जातेय, हे खरं आहे. वीज गेली तर घाबरू नका, आली की बटण दाबा. जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं.

बंद करा की ठेवा हे मी कोण सांगणार? मला विचाराल तर चालू राहू दे.

तुमचा,
काच्या

३ मार्च

भाऊजी,

तुमचा निरोप मी वाचला होता. हसले होते. ह्यांच्या मागे पहिल्यांदा हसले ते त्या कवळीवर, म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मग पेन्सिल घेऊन बसले. तुम्ही सात आणि एकतीस सांगितलंत, मी म्हटलं पुढची करून बघू. सात वेळा दोन घेतले, एकशे अठ्ठावीस. वजा एक, एकशे सत्तावीस. म्हणजे पाच फेऱ्या. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग करून दोन वजा केले तर एकशे चौऱ्याण्णव, बाकी सदुसष्ट. मग बेचाळीस. मग एकशे अकरा. इथे माझा जीव खालीवर. एकशे अकराचा वर्ग बारा हजार तीनशे एकवीस, वजा दोन, आणि एकशे सत्तावीसने भागलं तर नीट सत्त्याण्णव वेळा गेलं. बाकी शून्य!

भाऊजी, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. उगीच. खोलीत दुसरं होतं कोण? जबडे.

इतकी वर्षं हे त्या खोलीत बसायचे आणि मी दारातून विचारायची, “जेवायला वाढू का?” ह्यांना वाटायचं मला ह्यात रस नाही, मला वाटायचं ह्यांना मी तिथे नकोय. दोघांनाही कुणी विचारलं नाही. असो.

परवा वीज गेली. मी शेगडी, दिवे सगळं सोडून आधी तिकडे धावले. आली तसं बटण दाबलं आणि तो पुन्हा चालू होईपर्यंत तिथून हलले नाही. आता ४१ टक्के झालेत. शेजारणीला सांगून ठेवलंय, मी बाजारात असताना वीज गेली तर लक्ष ठेव.

माझी एक थोरली बहीण आहे, ताई. तिच्याकडे राहायला ये म्हणून मागे लागली आहे. इथून दिवसभराचा प्रवास. हल्ली तिचे पाय सुजतात, चपला होत नाहीत म्हणते. ती आणि दाजी दोघंच असतात. मी कळवलं, ह्यांचं एक काम हातात आहे, ते झालं की येते.

तुमची,
वहिनी

१४ मार्च

वहिनी,

शाबास! दात्या असता तर त्याने तुमचा कागद भिंतीला लावला असता आणि वर मला टोमणा मारला असता, की तुला पहिल्यांदा करताना दोन दिवस लागले होते. लागले होतेच. हातचा चुकला होता.

तुम्ही लिहिलंत ते वाचून एक सांगावंसं वाटलं. त्याच्या प्रत्येक निरोपात तुम्ही असायचात. ‘ही ड्यूटीवरून आली, उठतो’, ‘हिला झोप लागलीय, पंखा हळू करून आलो’. तुम्ही तिथे नको होतात असं मला तरी कधी वाटलं नाही. लाजत असेल. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हासुद्धा आवडती गोष्ट तो दप्तरात तळाशी ठेवायचा.

आता एक करून बघा. अकरा वेळा दोन, वजा एक. दोन हजार सत्तेचाळीस. नऊ फेऱ्या. पुढे काय होतं ते सांगत नाही.

आणि ताईकडे जाऊन या. मशीन आठ-पंधरा दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही. फार महिने गप्प राहिलं तर मात्र संख्या दुसऱ्याला देतात, पण तेवढा वेळ कशाला लागतोय?

तुमचा,
काच्या

२ एप्रिल

भाऊजी,

तुमचे दोन हजार सत्तेचाळीस करून झाले. एवढी मरमर केली, दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि शेवटी हातात काय, तर सतराशे छत्तीस. डोंगर पोखरून उंदीर. मग ठरवलं, बघू तरी ह्याला कशाने भाग जातो. तेवीसने गेला. तेवीस गुणिले एकोणनव्वद. दिसायला किती सरळ आणि आतून असा. मला आवडला नाही.

मशीन बंद करायला हात होत नाही. ह्यांनी सांगितलेलं मी एकदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मास्क लावून टाकला. दुसऱ्यांदा नको.

हल्ली मी ताट घेऊन तिकडेच जेवायला बसते. ५३ टक्के. ताईचं नेहमीचंच चाललंय. आडवं पडलं की दम लागतो म्हणून तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपते. जाईन आता.

एक विचारायचं राहिलं. बाकी शून्य आली तर यादीत कुणाचं नाव लागेल? हे नाहीत, मग ह्यांचं लागतं का?

तुमची,
वहिनी

२० मे

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. दुकानात काम फार होतं, एक मदतनीस सोडून गेला. डोळेही दुखत होते. चष्मेवाल्याचे डोळे दुखले की लोक हसतात.

तुम्ही बऱ्या असाल. मशीनची घाई नाही. त्याच्यासाठी अडकून राहू नका. उन्हाळा सरायच्या आत ताईकडे जाऊन या, माझं ऐका. तीन उशा घेऊन झोपते म्हणता, मग डॉक्टरांना दाखवलं का? मला त्यातलं कळत नाही, तुम्हाला कळतं. पण जा.

बाकी ठीक.

काच्या

२८ मे

भाऊजी,

तुमचं पत्र कोरडं ठणठणीत आलं. त्यात एक विनोद नाही की एक आकडा नाही. मी विचारलेल्याचं उत्तरही नाही. तुम्हाला बरं नाहीये, हे मी ओळखलं. तीस वर्षांत माणसं ‘बाकी ठीक’ म्हणाली की मी आधी थर्मामीटर काढायची. डोळ्यांचं काय ते नीट लिहा. एकटे राहता असं हे म्हणायचे, जेवणाची हेळसांड करू नका.

इथे ७६ टक्के! हे असते तर आतापासून माझ्याशी पैज लावून बसले असते. मला माहीत आहे की शून्य यायची शक्यता नखाएवढी आहे. तुम्हीच लिहिलं होतंत, वाळवंटात सुई. पण ती कुणाला तरी सापडतेच ना? कुणाच्या तरी घरात सापडते. मग ह्याच घरात का नाही? संध्याकाळी मी तिथे बसते तेव्हा मला खरंच वाटतं की येईल.

दाजींनी ताईच्या वतीने चिठ्ठी पाठवली आहे. एकच ओळ, ‘ये म्हणते आहे.’ मी लिहिलं, शेवटचे दहा टक्के राहिले की निघते.

नावाचं तेवढं सांगा.

तुमची,
वहिनी

८ जून

वहिनी,

माझी तब्येत चांगली आहे. काळजी नको.

शून्य आलं तर नाव त्याचंच लागेल. संख्या ज्याच्या नावावर दिलेली असते त्याचंच लागतं.

दहा टक्क्यांची वाट बघू नका, वहिनी. दाजींनी एका ओळीत लिहिलं म्हणजे त्यांना दुसरी ओळ सुचली नसेल. उद्याच निघा. हवं तर मी येऊन तुमच्या घरी मशीनपाशी राहतो.

काच्या

२ जुलै

भाऊजी,

हे पत्र ताईच्या घरून लिहिते आहे.

ताई गेली.

दाजींचा फोन शेजारणीने घेतला. तिने मला कागदावर लिहून दाखवलं, ‘ताई जास्त आहे, लगेच निघा.’ मी मिळेल त्या गाडीने निघाले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि लांबूनच दिसलं, दारात चपला होत्या. खूप चपला. मग मी पाय उचलला नाही. घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

दाजी म्हणाले, शुद्ध होती तोवर सारखं दाराकडे बघत होती. त्यांना विचारायची, “धाकटी निघाली का?” ते सांगायचे, “निघाली, वाटेत आहे.” मी तेव्हा घरी बसून मशीनचे टक्के बघत होते. दाजी चांगले आहेत, एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी मला चहा करून दिला. त्यांना साखर कुठे असते ते माहीत नव्हतं, बिनसाखरेचाच दिला. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

घर आवरून द्यायला महिनाभर तरी राहीन. तिचं कपाट उघडायचं धाडस अजून झालेलं नाही.

मशीन चालू ठेवून आले आहे, शेजारीण बघते. काल तिने कळवलं, ९३ टक्के. आठ-पंधरा दिवसांत होईल. भाऊजी, आता तेवढं एक पुरं होऊ दे. इकडचं तर हातातून गेलं. निदान ह्यांनी सांगितलेलं तरी मी शेवटपर्यंत केलं, एवढं मला म्हणता आलं पाहिजे. नाहीतर मी कशासाठी थांबले होते?

वहिनी

९ जुलै

वहिनी,

तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत, गोड बोललेलं नको. मी ते पाळलं नाही.

दात्याची संख्या मूळ नाही. हे मला एप्रिलच्या शेवटापासून माहीत आहे.

काही जण आमच्यासारखी तपासणी न करता वेगळ्या युक्तीने नुसते भाजक शोधत असतात, त्यातल्या दूरच्या कुठल्यातरी देशातल्या माणसाला तिला भाग जाणारी एक संख्या सापडली. पंचवीस आकडी. त्या दोन कोटी आकड्यांपुढे पंचवीस म्हणजे काहीच नाही, पण नि:शेष भाग जातो. मी स्वतः पडताळून बघितलं. एकदा नाही, तीनदा. त्याच दिवशी ती तपासायच्या संख्यांच्या यादीतून खोडली गेली. म्हणजे तेव्हापासून तुमच्या खोलीतलं मशीन ज्या प्रश्नावर चालू आहे त्याचं उत्तर आधीच लागलेलं आहे. शेवटी शून्य येणार नाही. येऊच शकत नाही.

कळलं तेव्हा मी दुकानात होतो. समोर एक बाई डोळे तपासायला बसल्या होत्या. त्या अक्षरं वाचत होत्या आणि मी ‘बरोबर, बरोबर’ म्हणत होतो. त्यांनी काय वाचलं, देव जाणे. त्या गेल्यावर मी सवयीने निरोप लिहायला घेतला, ‘दात्या, तुझी फुटली रे’. एवढं लिहून झाल्यावर आठवलं.

तुमचं एप्रिलचं पत्र पुढ्यात होतं. तुम्ही तिथे ताट घेऊन जेवता, नाव कुणाचं लागेल म्हणून विचारता. त्याला उत्तर म्हणून ही बातमी कशी लिहू? दोनदा लिहिली आणि फाडली. म्हटलं, चालू दे तोवर चालू दे, शेवटी शून्य आलं नाही तर ते तसंही येणार नव्हतंच, वहिनींना तेवढंच दुःख होईल आणि तेही आपोआप. जूनमध्ये मी लिहिलं, ‘शून्य आलं तर नाव त्याचंच’. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि ते पत्र सगळंच्या सगळं खोटं होतं.

मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही मे महिन्यातच ताईकडे गेला असतात. ‘जा, जा’ लिहीत राहिलो, पण ज्या एका वाक्याने तुम्ही निघाला असतात ते लिहिलं नाही.

आज तरी का लिहितो आहे? तुम्ही विचारलंत, नाहीतर मी कशासाठी थांबले होते. त्या प्रश्नावर पुन्हा एकदा गप्प बसणं माझ्याच्याने झालं नाही. माफ करा असं म्हणत नाही. ती मागायचा मला अधिकार नाही.

काच्या

२४ ऑगस्ट

भाऊजी,

उत्तराला उशीर मुद्दाम केला. तुमचं पत्र आलं तेव्हा राग असा आला की दाजींसमोर मी ते फरशीवर फेकलं. त्यांनी उचलून, घडी करून, न वाचता माझ्या उशीखाली ठेवलं. तुम्हाला जे लिहिणार होते ते तेव्हाच लिहिलं असतं तर तुम्ही पुन्हा कधी पेन धरलं नसतंत.

मग दिवस जात राहिले आणि राग काही केल्या तुमच्यावर टिकेना. मी तो परत परत आणून ठेवायची आणि तो परत परत माझ्याकडेच यायचा. म्हणून आता माझंही ऐका.

पाय सुजले, चपला होत नाहीत. आडवं पडलं की दम. तीन उशा. भाऊजी, हे सगळं मीच तुम्हाला लिहिलं होतं. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला ह्याचा अर्थ कळत नाही का? ताईच्या पहिल्या पत्रातच कळला होता. हृदय थकलं की असंच होतं, आणि पुढे काय होतं तेही मी शंभर वेळा बघितलंय. तुम्हाला लिहिलं ‘नेहमीचंच’. ताईला लिहिलं ‘काम आहे’. तुम्ही मार्चमध्येच सांगितलं होतंत, मशीन बंद केलं तरी बिघडत नाही. तेव्हा तर तुम्ही काही लपवत नव्हता ना? तरी मी गेले नाही.

मला जायचंच नव्हतं. जानेवारीत एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर गेलं होतं. वर्षाच्या आत दुसऱ्याच्या उशाशी बसून, नाडी धरून, श्वास मोजत राहायची माझ्यात ताकद नव्हती. परक्यांचं केलं, घरच्यांचं होईना. मशीनने मला सबब दिली. तुम्ही खरं लिहिलं असतंत तर मी दुसरी शोधली असती. त्या चपला मला लांबून दिसल्या तेव्हा, सांगायलाही लाज वाटते, एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा हिशेब सगळा स्वतःच्या माथी मारून घेऊ नका. तुमचा वाटा तुमचा, माझा माझा. तुम्हाला माफ केलं असं लिहिलं तर मी फार मोठी झाल्यासारखी होईन, म्हणून लिहीत नाही.

मधे चार दिवस घरी जाऊन आले. मशीनचं काम संपलं होतं. पडद्यावर शेवटची बाकी होती, आकडे आणि अक्षरं मिळून एक लांब ओळ. शून्य नव्हतं. बघत बसले. आधी माहीत असूनही वाईट वाटलं. मग बंद केलं. कसं बंद करायचं ते तुम्ही कधी लिहिलंच नव्हतं, शेजारणीच्या मुलीला बोलावून विचारलं. जबडे कुणाला हवे असतील का? दोन मी ठेवलेत, बाकीचे टाकवत नाहीत.

एक मात्र माझ्या मनातून जात नाही. ‘दात्या, तुझी फुटली रे’ असं लिहून तुम्ही थांबलात ते. तुम्हाला सांगायला तेवढं एकच माणूस होतं. त्यांच्या मागे मला पत्रं आली, माणसं भेटायला आली, शेजारीण डबा देऊन गेली. तुमचा सोबती गेला आणि तुम्हाला कुणी विचारायलाही आलं नाही. मीसुद्धा नुसती तुमच्या डोळ्यांची चौकशी केली.

आता मी बहुतेक इथेच राहीन. दाजींना एकटं सोडवत नाही. ते बोलतात कमी, मला ऐकू येतं कमी, आमचं बरं जमतं. साखर कुठे असते ते त्यांना दाखवलं.

परवा धीर करून ताईचं कपाट उघडलं. साड्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, आणि कोपऱ्यात तिचा चष्मा. माझा चष्मा मी तिकडच्या घरी विसरून आले होते आणि दोन दिवस चाचपडत होते. उगीच लावून बघितला. भाऊजी, सगळं लख्ख दिसलं. कॅलेंडरवरची बारीक अक्षरंसुद्धा. दाजी म्हणाले, “अगं, तुम्हा दोघींचा नंबर एकच!” तुम्ही चष्मेवाले, तुम्ही सांगा, असं होतं का? पाच वर्षांचं अंतर होतं आमच्यात. लहानपणापासून एकमेकींच्या वस्तू घालून बघत आलो, पण चष्मा कधी बदलून बघितला नाही.

हे पत्र तो लावूनच लिहिते आहे. फ्रेम तेवढी सैल होते, तिचा चेहरा माझ्याहून रुंद होता, खाली बघितलं की नाकावरून घसरतो. इथे कुणाकडून दांड्या आवळून घेता येतील. पण पुढच्या महिन्यात तुमच्याकडे घेऊन येईन म्हणते. दुकान किती वाजता उघडतं ते कळवा.

वहिनी